इतर, असल्यास

गुदैबियाच्या गल्लीत आमचं क्लिनिक.
खाली रोटीची भट्टी, वर मी.
लिफ्टमधून पेशंटच्या आधी तिळाचा वास येतो.
आज त्या वासामागून संजोग पेढांबकर आला,
उजवा हात डाव्या हातात धरून,
शेजाऱ्याचं मूल सांभाळायला घेतल्यासारखा.

व्यवसाय?
"व्हिसावर प्लंबर. हातात ढोलकी."
फॉर्मवर रकाना एकच आहे.

रोज किती तास वाजवता?
"नऊ ते दोन. गिऱ्हाईक पैसे उडवत असलं तर तीन."
मध्ये विश्रांती?
तो हसला.
"गाणारी पाणी पिते तेव्हा ठेका धरून ठेवायचा असतो, मॅडम.
हॉल गप्प झाला की माणसं बिल मागतात."

मी लिहिलं: नाही.

बसता कशावर?
बारच्या उंच स्टुलावर, पाय अधांतरी.
डोक्यावर एसीचं तोंड, सोळावर.
"बाहेरची दमट हवा लागली की पुडी ढिली पडते,
आत आलं की ताणते.
तिला कड्या आहेत, सरकवून स्वर लावून घेतो."
मग त्याने मनगटाकडे पाहिलं,
कड्या शोधत असल्यासारखं.

गावी जाखडीत रात्र रात्र वाजवलीये म्हणाला,
कधी काही झालं नाही.
तेव्हा वय?
"एकोणीस."
आता?
त्रेचाळीस त्याने बोटांवर दाखवायचा प्रयत्न केला
आणि अंगठ्यापाशी थांबला.

दुखणं कधीपासून?
रमझानच्या आधीपासून.
रमझानात गाणं बंद, हाताला जरा बरं होतं.
पगारही बंद.
मग ईदच्या रात्री मालकाने महिनाभराची भूक
एकाच बैठकीत भागवून घेतली.
त्या रात्री चाटेवर बोट पडलं
ते कोपरापर्यंत वाजलं.

आमच्या पुस्तकात याला एक लांबलचक नाव आहे,
अचानक वाढलेल्या भाराचं.
मी ते त्याला सांगितलं नाही.
स्पीकर जिन्याने कोण चढवतं, तेवढंच विचारलं.
"आम्हीच की."

गुरुवारी मुहर्रकहून म्हातारे बू-राशिद येतात, खांदा घेऊन.
मोत्यांच्या होड्यांवरची गाणी
अजून म्हणतात ते, त्यांच्या त्या दारमध्ये,
मांडीशी मातीचा घडा घेऊन, तळव्याने.
त्यांनाही मी हेच विचारलं होतं, विश्रांती?
त्यांना प्रश्नच कळला नाही.
"आम्ही वीस जण बसतो," म्हणाले,
"एकाचा हात दमला की दुसऱ्याची टाळी असतेच.
कोण कधी थांबलं, गाण्याला पत्ता लागत नाही."
फॉर्मवर 'सोबत कोण' असा रकाना नाही.
असता तर संजोगच्या पुढे काय लिहिलं असतं?
एक कीबोर्ड, त्यात भरलेले चाळीस वादक,
त्यातला एकही दमत नाही.

मी त्याचं मनगट दाबून पाहिलं.
दोघेही एकदमच कळवळलो.
माझाही अंगठा गेलाय,
दिवसाला अकरा माणसं, नऊ वर्षं.
माझा फॉर्म कुणी भरलेला नाही,
आणि मीही रजा मागितलेली नाही.
म्हणून जरा हळू म्हणाले,
पंधरा दिवस वाजवायचं नाही.

"पंधरा दिवसांत दुसरा उतरतो विमानतळावर,"
त्याने शांतपणे सांगितलं,
भाजीचा भाव सांगावा तसं.

मग रविवारची सुट्टी तरी घ्या.
मग स्टूल तरी खाली करा.
मग एसीखालून हात तरी...
माझी वाक्यं लहान होत गेली.
शेवटी मी कपाटातून मनगटाचा पट्टा काढला,
पांढरा.
तो नको म्हणाला.
"काळा आहे का?
कोटाच्या बाहीत दिसणार नाही."

तळाशी एक ओळ उरली होती,
इतर, असल्यास.
एवढ्या वर्षांत ती मी रिकामीच सोडत आले.
आज लिहिलं:
पट्टा काळा दिला.